पहिल्या बैलाचा मान

नाना, तुझं तेरावं उरकलं आणि ओसरीवरची गर्दी एकदाची हटली. इतके दिवस गाव येऊन बसत होतं. गुळाचा चहा पीत होतं, पानाला चुना लावत होतं आणि तू कसा वाघ होतास हे मला सांगत होतं. मला. लहानपणी तुझा शेंबूड जिनं पुसला तिला. बैलांच्या मानासाठी तू कोर्टात कसा गेलास, भाऊबंदांपुढे छाती काढून कसा उभा राहिलास, असा माणूस पुन्हा होणे नाही वगैरे. मी दाराआड बसून ऐकत होते. या वाघाला भिंतीवर पाल दिसली की तो अक्का, अक्का करत अंगणात पळायचा, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत मलाही ठाऊक आहे. पण गोड बोलणारे गावात पुष्कळ झाले, तेव्हा एकीनं खरं बोललं तर तुझ्या आत्म्याला काही धाड भरणार नाही. तुझ्या शाळेच्या पाटीवर तुझ्याआधी मी अक्षरं शिकले होते. नवरा वारल्यावर परत या घरात आले आणि उभा जन्म तुझी भांडणं बघण्यात गेला. तुला भांडायचं कुठे आणि वाकायचं कुठे हे कधी कळलं नाही, नाना. एकदाच कळलं. त्या एका वेळेबद्दल या ओसरीवर कुणी अवाक्षर काढलं नाही. घरात कुणाला महारोग असावा आणि पाहुण्यांनी तो विषय टाळावा, तसं त्यांनी ते टाळलं.

भांडणाची सुरुवात तुझ्याच मोठेपणानं झाली. आजोबांपासून पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल आपला जायचा. तो गेला की पोळा फुटायचा, मग गावातले बाकीचे बैल. एका साली आपल्या बैलांना खुरकूत झाली. खूर सडले, तोंडाला फेस आला, जनावरं दावणीवरून उठेनात. आपला चुलतभाऊ बापूराव आपल्याच चुलीवरचं खाऊन मोठा झालेला. तू त्याला हौसेनं म्हणालास की यंदा तुमचा बैल पुढे न्या, मान घरातल्या घरातच राहील. तुझ्याकडे कुणी मागायला आलं नव्हतं. पुढल्या वर्षी आपले बैल धडधाकट होऊन वेशीत गेले, तर बापूरावाचा बैल आधीच तोरणाखाली उभा. एकदा दिलेला मान परत मागायचा नसतो, असं तो साऱ्या गावासमोर म्हणाला आणि तू तोंड उघडं टाकून बघत राहिलास. मी तिथे नव्हते, पण ते तोंड कसं दिसलं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे.

मग तू पेटलास. हिंगोलीला निजामाच्या कोर्टात दावा लावलास. पेशी आली की मी भाकरी बांधायच्या, तू गाडी जुंपायची, साक्षीला चार म्हातारे गाडीत घालायचे आणि वाटेत त्यांची पानं-तंबाखू सांभाळायची. वकील उर्दूत काय बोलला ते तुला कळायचं नाही, पण घरी येऊन तू त्याचे हातवारे करून दाखवायचास. ज्या बैलांच्या मानासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच पेशीच्या गाडीला जुंपून तू आडवं करून आणायचास. इकडे कापूस बोंडातून बाहेर येऊन वाऱ्यावर उडायचा. तो वेचायला मी आणि तुझी आईवेगळी लेक गोदी.

आणि पोळ्याच्या दिवशीचा तमाशा तर विचारू नकोस. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन वेशीत. तुझा बैल पुढे नाही, त्याचाही नाही. अख्ख्या गावचे बैल झुली पांघरून, बाशिंगं बांधून अंधार पडेपर्यंत ताटकळत. एका साली पाऊस लागला तर शिंगांचा रंग ओघळून बैलांच्या डोळ्यांत गेला. शेवटी कुणीतरी वैतागून तोरण तोडायचं आणि जनावरं वाट फुटेल तिकडे घराकडे पळायची. मान कुणालाच मिळायचा नाही. तरी तू घरी येऊन मिशीवर हात फिरवायचास, की बापूरावालाही जाऊ दिलं नाही.

इतकी वर्षं घालवून कोर्ट म्हणालं की बैल कोणाचा पुढे जावा हे गावाचं गावानं ठरवावं. तू म्हणालास, वकील हैदराबादला जाऊ म्हणतो. मी म्हटलं, बैलांनाही घेऊन जा, त्यांना तेवढंच शहर दिसेल. तू दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी पिठलं केलं तेव्हा आलास.

त्याच वर्षी पंचमीला गोदी माहेरी आली. तिला वसमतकडे हळदीच्या बागायतदाराकडे दिलेली. स्थळ बापूरावाच्या बायकोनं आणलं होतं, गोडीगुलाबीच्या दिवसांत, गोदी लहान असतानाच; नांदायला ती मागाहून गेली. गोदीचा सासरा म्हणजे बापूरावाच्या बायकोचा सख्खा भाऊ. गोदी आली ती पदर दोन्ही हातांवर ओढूनच आली. नागाच्या पूजेला हात पुढे करायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं. दोन्ही मनगटं भाजलेली, कातडी ओढून बसलेली. हळद शिजवायच्या कढईवर घसरले म्हणाली.

“दोन्ही हात सारखेच कसे घसरले?” मी विचारलं.

तिनं पदर परत मनगटांवर ओढला. वारुळासमोर सांडलेल्या लाह्या वेचल्या. मग म्हणाली, “आत्या, मला परत पाठवू नका. पाठवायचंच असंल तर हिरीत ढकला, तेवढी तकलीफ नको.”

मी तुझ्याकडे आले आणि सगळं सांगितलं. तू काय म्हणालास ते तुला आठवतं का नाही मला माहीत नाही. मला शब्दन्शब्द आठवतो. “पोळा होऊन जाऊ दे अक्का, मंग बघू.” पोरीच्या हातांना कातडी नाही आणि हा गृहस्थ पोळा होऊन जायची वाट बघतोय. नाना, त्या क्षणी मला तुझी इतकी किळस आली होती की तू भाऊ नसतास तर बरं झालं असतं असं वाटलं.

पुढे सासरा न्यायला आला. तू त्याला पान दिलंस, हात जोडलेस, चार दिवस राहू द्या म्हणालास. जो माणूस तोरणाखाली काठी घेऊन उभा राहतो तो आपल्या लेकीसाठी उभा राहताना घोंगडीची सुरकुती सारखी करत होता. सासरा जाताना सांगून गेला की पोरगी आली नाही तर पंच बसतील आणि तुमच्या घरी कुणी पाणी पिणार नाही.

आणि मग बापूराव आला. त्याला वास बरोबर लागतो. ओसरीवर बसला, सुपारी कातरली आणि फार मायेनं बोलला. “नाना, पोरगी ठेवून घ्या. माझ्या मेव्हण्याला मी समजावतो. पंचांपुढं सोडचिठ्ठी करून देतो, तुमचं पाणी कुणी बंद करणार न्हाई. पोळ्याचा मान तेवढा कायमचा सोडा.”

तो गेल्यावर मी तुला म्हटलं, त्याच्या तोंडावर थुंक. पोरगीही ठेव आणि मानही सोडू नकोस. काय करतील, वाळीत टाकतील. मला विधवेला अर्ध्या गावानं टाकलेलंच आहे, मी काय मेले? तू बापूरावाच्या सुपारीचा चुरा झाडत बसलास. मी तुला पळपुटा म्हटलं, बायकोच्या मागे गेला असतास तर बरं असंही म्हटलं. बरंच बोलले. तू एकच वाक्य बोललास.

“अक्का, मला दोन्ही न्हाई जमायचं.”

त्यानंतर पोळ्यापर्यंत तू घुम्यासारखा. बैल धुतलेस, शिंगं घासलीस, त्यांना हिंगूळ लावलास, नवी झूल घातलीस. मी मनात म्हटलं, ठरलं याचं. हा लेकीला पाठवणार आणि बैल पुढे नेणार. गोदीलाही तेच वाटलं. तिनं तिचं गाठोडं बांधून कोनाड्यात ठेवलं होतं, हे तुला कधी कळलं नाही.

पोळ्याला मी घराबाहेर पडत नाही. विधवेची सावली मानाच्या बैलावर नको म्हणून. तेव्हा त्या दिवशीचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, भिंतीआडून ऐकलं. डफडी जोरात वाजत होती, ती एकदम थांबली. मला वाटलं काठ्या चालल्या. कुणाचं तरी डोकं फुटलं असणार, आणि ते तुझंच असणार. मी उंबऱ्यापर्यंत आले. मग गडी पळत आला. त्यानं सांगितलं की तू सगळ्यांच्या पुढे बैल घेऊन उभा होतास, तोरण हातभर अंतरावर होतं. तिथे तू कासरा मागे ओढलास आणि म्हणालास, “बापूराव, चला पुढं.” एवढं बोलून बैल वळवलेस आणि रांगेच्या शेवटाला नेऊन उभे केलेस.

तुझ्या बाजूनं काठ्या घेऊन आलेल्यांनी त्या तिथेच टाकल्या. तुझ्याच पाहुण्यानं तुझ्या पायाजवळ थुंकलं. संध्याकाळी कुणीतरी आपल्या ओसरीवर बांगड्या फेकून गेलं. हीच माणसं आता तुला वाघ म्हणून गेली, नाना. चहा पिऊन गेली.

तू बैल घेऊन घरी आलास. गोदीनं त्या भाजलेल्या हातांनी बैलांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तू तिला म्हणालास, ते गाठोडं सोड. म्हणजे तुला ठाऊक होतं तर. आत्ता लिहिताना हे मला पहिल्यांदा कळतंय. मी इतकी वर्षं समजत होते की तू काही बघत नाहीस.

नंतर तू गोठ्यात जाऊन रडलास. मी कंदील घेऊन आले तर म्हणालास, बैलाला काय वाटलं असंल. मी म्हटलं, बैलाला पुरणपोळी गोड वाटली, दुसरं काही वाटलं नाही. आणि तू पोरगी वाचवलीस ते अर्धंच केलंस, दुसरं अर्धं दान करून आलास. कंदील तिथेच ठेवला आणि निघून आले.

बापूरावानं बोलल्याप्रमाणे पंचांपुढे सोडचिठ्ठी तेवढी करून दिली आणि गोदी घरी राहिली. पण त्या दिवसापासून तू शहाणा झालास असं कुणी समजू नये. लढाईच्या काळात सरकारनं सक्तीनं घ्यायचं लेव्हीचं धान्य मोजायला माणूस आला. तो माप शिगोशीग भरून वर हातानं आणखी ओढायचा आणि तू बाजूला हात जोडून उभा. त्याला दूध देतो म्हणालास. मी आतून ओरडले तर मलाच गप केलंस. साहेबाचा माणूस आहे म्हणे. असल्या जागी भांडायचं असतं, नाना, बैलाच्या शिंगावरून नाही. पण तुझी एकदाची अक्कल त्या पोळ्याला खर्च होऊन गेली होती.

तरीही आपला वाद चालूच राहिला. दर पोळ्याला आपले बैल शेवटून जायचे आणि दर पोळ्याला जेवताना मी म्हणायचे, दोन्ही जमलं असतं. तू म्हणायचास, तुला जमलं असतं, मला न्हाई. मी म्हणायचे, प्रयत्न तरी केलास का. तू ताट सरकवायचास. पुढे तुझे गुडघे गेले, तू ओसरीवर बसायला लागलास आणि औत गोदीनं धरलं. लोक हसले. मग पेरा चांगला झाला आणि हसायचे थांबले. तू ओसरीवरून तिला कासरा कसा धरायचा ते ओरडून सांगायचास. तिला ते तुझ्यापेक्षा चांगलं यायचं. ती हं म्हणायची.

मला तुझी फार आठवण येते आणि त्याचाही राग येतो. सकाळी दोन भाकरी जास्त थापते. ओसरीवर खोकला ऐकू येत नाही म्हणून बाहेर येऊन बघते. भांडायला गोदी आहे, पण ती भांडत नाही, ऐकून घेते. तुझ्यासारखं चुकीचं बोलणारं माणूस घरात लागतं.

आता ऐक. तू गेलास तेव्हा अग्नी कोणी द्यायचा असा प्रश्न आला. तुला मुलगा नाही. बापूराव म्हणाला, पुतण्या म्हणजे मुलगाच. त्याच्या पोरानं मडकं धरलं. मी गप्प बसले. तू उन्हातान्हात पडून राहावंस आणि तुझ्या उशाशी आम्ही भांडावं, एवढी नतद्रष्ट मी अजून झाले नाही. पण माझी नजर त्या मडक्यावर होती आणि बापूरावाची आपल्या शेताच्या बांधावर होती.

काल तो आला. सगळीकडे काय चाललंय ते तू बघून गेलासच. निजामाचं राज्य राहतं की जातं कुणाला ठाऊक नाही, हिंगोलीच्या रस्त्यानं लोक गाड्यांत बिछाने टाकून कनेरगाव नाक्याच्या पलीकडे वऱ्हाडात चाललेत. आणि हा गृहस्थ पोळ्याचं बोलायला आला. फार रडवेला चेहरा करून म्हणाला की नाना माझा थोरला भाऊ, यंदा त्याच्या स्मरणार्थ तुमचा बैल पुढे जाऊ दे. मी मान देऊन राहिलो. गावालाही ते पटलंय.

क्षणभर मलासुद्धा भुरळ पडली. ज्याच्यासाठी तू जन्म जाळलास ते दारात चालत आलं होतं. तू असतास तर लगेच झूल काढायला धावला असतास.

मग तो पुढे म्हणाला, “तुमच्या घरी दुखवटा, आणि पुरुषमाणूस न्हाई. कासरा माझा पोरगा धरंल. त्यानंच मडकं धरलं, आता बैलही तोच नेईल. पुढचंही सगळं तोच बघंल.”

कळलं का नाना? पहिला बैल आपला, पण कासरा त्याच्या पोराच्या हातात, साऱ्या गावासमोर. आधी मडकं, मग कासरा, मग औत आणि मग शेत. पहिल्या वेळी त्यानं मान घेऊन तुला बुडवलं. आता मान देऊन आम्हाला बुडवायला आला होता. मी तोंड उघडणार होते. काय बोलले असते ते लिहिण्यासारखं नाही. पण गोदी चुलीपासून उठून बाहेर आली.

“काका, मान तुमचा तुमीच ठेवा,” ती म्हणाली. “आमचे बैल शेवटून जातात, यंदाबी शेवटूनच जातील. पण कासरा मी धरीन.”

बापूराव हसला. पोळ्याला बाईच्या हातात कासरा कधी कुणी पाहिला का म्हणाला.

“बाकी वरीसभर कोणाच्या हातात असतो?”

त्यावर तो हसला नाही. तोरणाखालून बाई जाऊ देणार नाही, गाव जाऊ देणार नाही, असं म्हणाला. गोदी म्हणाली, “न्हाई जाऊ दिलं तर तिथंच उभी राहीन. बैल माझे आहेत, ते उभं राहतात.” आवाज चढवला नाही तिनं. तू तोरणासमोर बोललास तेव्हा तुझाही आवाज असाच खाली होता, असं गडी सांगतो.

उद्या पोळा आहे. आज सांजेला गोदीनं बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळले आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. दुखवट्याच्या घरात पुरण शिजत नाही, तेव्हा गूळभाकरीचं जेवण. तिच्या मनगटावरचे डाग हळदीत दिसत नव्हते. मी तिला सांगितलं की उद्या मी तुझ्याबरोबर वेशीत येते. ती म्हणाली, “आत्या, काहून उगं? लोक तुला बोलतील.” मी म्हटलं, या पोळ्यापायी घरातलं एक माणूस आयुष्यभर भांडलं आणि मी तो पोळा अजून पाहिलेला नाही. माझ्या सावलीनं कुणाच्या बैलाला काही झालं तर त्यांनी हिंगोलीला दावा लावावा.

काय होईल मला ठाऊक नाही. बापूरावाची माणसं काठ्या घेऊन येतील. तुझी माणसं, ती वाघ-वाघ करणारी, लांब उभी राहून बघतील. आम्ही रांगेच्या शेवटी उभ्या राहू आणि सगळं गाव जाऊ देऊ. आमची पाळी आली की मग मात्र हलणार नाही. पुढची जागा कुणालाही देऊन टाकावी आणि कासरा कुणालाही देऊ नये, हे या पोरीला मी शिकवलेलं नाही. मी तिला दोन्हीसाठी भांडायलाच शिकवलं असतं आणि बहुतेक दोन्ही घालवलं असतं.

तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू फुगून गावभर सांगत फिरला असतास, म्हणून मी कधी सांगितलं नाही. आता फिरता येत नाही तुला. त्या दिवशी तू कासरा मागे ओढलास म्हणून गोदी आज घरात आहे. उशिरा आणि रडत रडत का होईना, नाना, तू बरोबर केलंस.